निळं माप आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. एका बाजूला पोचा पडलाय, मला धरायचा कान एकाच रिव्हेटवर लोंबतोय आणि बुडाशी गंज चढलाय. हे सगळं तुम्हाला दिसतंच आहे. न दिसणारी एक गोष्ट आहे, तीही आधीच सांगून टाकतो. मला दुसऱ्याचं कौतुक सहन होत नाही. माणसांत याला जळकेपणा म्हणतात. डब्यांत काय म्हणतात ते मला माहीत नाही, कारण माझ्या जातीचं दुसरं कुणी मी जन्मात एकदाच जवळून पाहिलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

तेलाच्या एका मोठ्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. पत्रेवाल्याने तो वाकवला, सांध्यांना डाख दिला, कान बसवला. शेजारी तबेल्याचे मालक तराजू घेऊन उभे होते. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी मला चंदीने भरलं. चंदी म्हणजे घोड्यांचा दाणा. मग ती तोलली आणि मान हलवली. पत्रेवाल्याने माझा काठ बोटभर कापला. काकांनी पुन्हा तोललं, पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा कापल्यावर त्यांचं समाधान झालं. “घोड्याच्या पोटाला पुरलं पाहिजे, त्याच्या हावेला नाही,” ते म्हणाले. तेव्हापासून मला काठोकाठ भरायचं आणि वरून सपाट हात फिरवायचा, अशी तिथली रीत झाली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागे तबेला मावशी सांभाळतात, म्हणजे काकांच्या पत्नी. घोडी बांधायची नऊ ठाणं एका ओळीत आहेत. घोडी मावशींची नाहीत. शहरातली हौशी माणसं आपापली घोडी इथे ठेवतात आणि सवड मिळेल तशी येऊन फिरवतात. बाकी सगळं भाऊ बघतात. भाऊ म्हणजे इथले मोतद्दार. खरारा करणं, लीद काढणं, खूर साफ करणं, सगळं त्यांच्याच हातून होतं.

चंदीच्या खोलीत एक काळा फळा आहे. त्यावर नऊ घोड्यांची नावं आणि प्रत्येकासमोर एक आकडा. कुणाला एक, कुणाला दीड, कुणाला दोन. कशाचे दोन, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. त्या तबेल्यात माप म्हणजे मी. मित्रांनो, असं काही कुणी तुमच्याबद्दल गृहीत धरलं तर तुमचीही छाती फुगेल.

आणि माझा आवाज! भाऊ मला उचलायचे तेव्हा माझा सैल कान खुळखुळायचा. तो आवाज ऐकला की नऊच्या नऊ माना ठाणांबाहेर यायच्या. सगळ्यात मोठ्याने खिंकाळायची ती नवव्या ठाणातली चिमणी. नाव चिमणी, पण अंगाने अशी धिप्पाड घोडी की दारातून आत घेताना दाराचीच काळजी वाटावी. मी दिसलो की ती पाय आपटायची, ओठ हलवायची, भिंत दणाणून सोडायची. भाऊ हसून म्हणायचे, “आलो गं बाई, आलो.” मी मनात म्हणायचो, भाऊ, तुम्हाला नाही, मला बोलावतेय ती.

चिमणीच्या मालकीणबाईंना सगळे पाठीमागे दुरुस्तीबाई म्हणत. नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण चपखल पाडलं. त्यांना जे दिसेल ते दुरुस्त करायचं असायचं. दुसऱ्याच्या घोड्याच्या दोराची गाठ सोडून त्या आपल्या पद्धतीची बांधत. उघड्या खिडक्या बंद करत, बंद खिडक्या उघडत. फावडी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेत, मग भाऊ सकाळभर ती शोधत फिरत. ठाणांच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवत. ‘या घोड्याचं पाणी बदला.’ ‘हा पट्टा घट्ट आहे.’ पट्टा कधीकधी खरंच घट्ट असायचा, हे आणखी वाईट.

बाकीचे मालक मावशींकडे तक्रार घेऊन जात. मावशी सगळ्यांना चहा देत आणि म्हणत, “बघते मी.” असं बघता बघता तीन महिने गेले. मावशी उधळलेल्या घोड्यापुढे हात पसरून उभ्या राहतील, पण माणसाला ‘नाही’ म्हणायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

एका संध्याकाळी दुरुस्तीबाई कामावरून थेट तबेल्यात आल्या. हातात गाजरं होती. नवव्या ठाणापाशी उभं राहून त्यांनी हाक मारली, “चिमणे, ए चिमणे.” घोडी गवतात तोंड खुपसून उभी होती. तिने एक कान मागे केला, बस. बाई पुन्हा म्हणाल्या, “अगं, बघ तरी कोण आलंय.” तेवढ्यात भाऊ मला घेऊन खोलीतून बाहेर पडले. मी खुळखुळलो. चिमणीने झटक्यात मान वर केली आणि अशी खिंकाळली की गाजर बाईंच्या हातातून खाली पडलं. ते उचलायलाही त्या वाकल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

“भाऊ, हा डबा धुतला होतात कधी?” त्यांनी विचारलं.

“रोज पुसतो ताई.”

“गंजलाय. घोड्यांच्या पोटात जात असेल.”

भाऊ मला घेऊन पुढच्या ठाणाकडे वळले. मी मात्र मनातून खूश होतो. इतक्या मोठ्या बाईच्या डोळ्यांत मी खुपलो, ही काय लहान गोष्ट आहे?

पुढच्या आठवड्यात भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस घरी बसायचं, धुळीत यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इथे एक रीत आहे. भाऊ नसले की मालक पाळीपाळीने संध्याकाळी येतात. फळ्यावर बघून संध्याकाळच्या चंदीच्या बादल्या भरतात आणि दुसऱ्या सकाळच्याही भरून ओळीने लावून ठेवतात. सकाळी मावशी एकेक बादली उचलून ठाणात ओततात. त्यांना काही मोजावं लागत नाही.

पहिली पाळी दुरुस्तीबाईंची होती. त्या आल्या त्या एक निळं प्लास्टिकचं माप घेऊन. गुळगुळीत, चकचकीत, पुढे ओतायला चोच, धरायला बोटांच्या आकाराची मूठ. बाकीच्यांपैकी दोन मालक तिथे होते. एकाने ते हातात घेऊन फिरवलं. “वा, किती हलकं आहे,” तो म्हणाला. दुसरी म्हणाली, “आणि धुवायला किती सोपं.” माझ्या पोटात दुखलं. पोटात तेव्हा एक दाणा नव्हता, तरी दुखलं. इतकी वर्षं मी त्या खोलीत आहे, मला कुणी कधी हलकं म्हटलं नाही.

मावशी दारात आल्या. बाईंनी त्यांना निळं माप दाखवलं. मावशी जरा घुटमळल्या. माझ्याकडे बघितल्यासारखं त्यांनी केलं. मग म्हणाल्या, “भाऊ येईपर्यंत राहू दे.”

फळ्याशेजारी मला टांगायचा खिळा होता, तो निळ्याला मिळाला. मला बाहेर नळापाशी टांगलं आणि माझ्यात खुरांचा ब्रश ठेवला. ओला, लिदीचा वास मारणारा ब्रश. तिथून मला चंदीच्या खोलीचं दार दिसायचं आणि दारातून तो निळा दिमाख. रोज संध्याकाळी कुणीतरी यायचं, फळा बघायचं, निळं माप भरायचं, ओतायचं. एक. दोन. फळ्यावरचा आकडा सगळ्यांनी इमानदारीने पाळला. एकानेही एक माप जास्त घातलं नाही.

आता तुम्हाला ते सांगतो जे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. ते निळं माप माझ्या दीडपट होतं. त्याची दोन म्हणजे माझी तीन. बोटभर काठासाठी काकांनी मला तीनदा कापलं होतं, मला कळणार नाही तर कुणाला? मला तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तर मी बोललो असतो का? मित्रांनो, नसतो बोललो. मला वाटत होतं, होऊ दे काहीतरी. निळ्याची एकदा फजिती होऊ दे, मग कळेल सगळ्यांना माझी किंमत. चिमणीचा विचार माझ्या मनात आलाच नाही. जळणारा दुसऱ्याचं नुकसान मागतो तेव्हा ते नुकसान कुणाच्या ठाणात उतरेल ते बघत नाही.

चार दिवसांत घोड्यांना तरतरी आली. एकाने उडी मारून मालकाची टोपी पाडली. मालक हसले. “नवीन मापाचा गुण बघा,” एकजण म्हणाला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाकीची घोडी रोज पळायची, घाम गाळायची, त्यांना ते जास्तीचं खाणं जिरलं. चिमणी फक्त रविवारी फिरायची, आणि तिचा पिंडच असा की खाल्लेलं लगेच अंगी लागायचं.

अकराव्या सकाळी मावशी बादली घेऊन नवव्या ठाणापाशी आल्या. चिमणी पुढे आली नाही. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळं अंग मागच्या पायांवर रेलून उभी होती. मावशींनी बादली खाली ठेवली आणि तिच्या खुराला हात लावला. खूर तव्यासारखं गरम होतं. त्या धावत फोनकडे गेल्या.

डॉक्टर आले, दुरुस्तीबाई आल्या. डॉक्टरांनी खुरं तपासली आणि म्हणाले, “खुरांच्या आत सूज आहे. दाणा जास्त झालाय. काय देता हिला?”

“दोन मापं,” बाई म्हणाल्या. “फळ्यावर लिहिलंय तेवढंच. मी स्वतः बघते.”

“कोणतं माप?”

मावशींनी भाऊंना बोलावणं पाठवलं. भाऊ तबेल्यामागेच राहतात. काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत ते आले. त्यांनी निळं माप चाचपलं, आतून बोट फिरवलं. मग विचारलं, “माझा डबा कुठाय?”

माझा म्हणाले, मित्रांनो. मला नळावरून आणलं. भाऊंनी ब्रश काढून फेकला, मला धोतराच्या सोग्याने पुसलं. निळं माप चंदीने भरलं आणि माझ्यात ओतायला लागले. मी भरलो, काठोकाठ भरलो, वरून सांडायला लागलो. दाणे फरशीवर पडत राहिले आणि निळ्यात अजून शिल्लक होतेच. भाऊंनी माझ्या काठावरून हात फिरवला आणि उरलेलं माप डॉक्टरांना दाखवलं. खोटं कशाला बोलू, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता. आणि तेव्हाच पलीकडून चिमणी कण्हली. माझ्यातून दाणे सांडत होते, ती खणखण तिने ऐकली असणार. पण ती आज खिंकाळली नाही.

सगळे बाहेर गेले. खोलीत मावशी आणि बाई राहिल्या. मी फरशीवर होतो.

“कुणाला विचारून बदललंस?” मावशी म्हणाल्या.

“तुम्हाला विचारलं होतं, मावशी. तुम्ही राहू दे म्हणालात.”

मावशींनी निळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “हो, म्हणाले. तीन महिने तेच म्हणतेय, ती माझी चूक. आज ‘राहू दे’ म्हणत नाही. घोडी बरी झाली की तिच्यासाठी दुसरं ठाण बघ.”

“तुम्ही मला काढताय?”

“हो.”

“मी सगळं तिच्यासाठीच करत होते.”

“नऊ घोड्यांच्या गाठी तिच्यासाठी सोडत होतीस?”

बाई खाली बसल्या. दाणे गोळा करायला लागल्या, एकेक. मूठ भरल्यावर म्हणाल्या, “ती मला बघून कधी ओरडत नाही, मावशी. या डब्याला बघून ओरडते. मी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं, आणि ती डब्याला ओळखते.”

मावशी हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही. मी ज्याच्यावर जळत होतो ते प्लास्टिक होतं. ही बाई माझ्यावर जळत होती, एका पोचा पडलेल्या डब्यावर. एका खोलीत आम्ही दोघं, एकाच रोगाचे.

सहा आठवडे चिमणीला हलवता येणार नव्हतं. दाणा बंद, भिजवलेलं गवत, खाली मऊ भुसा, आणि दिवसातून अनेकदा खुरांवर गार पाणी. बाईंनी कामावर रजा टाकली. बादलीने पाणी ओतलं की घोडी दचकायची, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला उचललं. ते सहा आठवडे मी पाण्यालाच होतो, चंदी निळ्यावर माझ्याएवढी खूण करून मोजली जायची. पहिल्यांदाच त्यांचा हात माझ्या कानाला लागला. मी खुळखुळलो. चिमणीने मान वर केली, ओठ हलवले, खिंकाळली. आणि तिच्या वाट्याला आलं पाणी, तेही पायांवर.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. भाऊ कठड्याला टेकून ऐकत होते. म्हणाले, “ताई, तिला उगाच आशा लावू नका.”

बाईंनी खिशातून रुमाल काढला, माझ्या सैल कानाभोवती गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. माझा आवाज बंद झाला. इतक्या वर्षांत कुणी माझं तोंड बांधलं नव्हतं. पण रागावलो नाही. त्या गुडघ्यांवर बसून हळूहळू पाणी सोडायच्या, चिमणी त्यांच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी राहायची. त्या काळात त्यांनी कुणाची गाठ सोडली नाही, की कुणाच्या दारावर चिठ्ठी लावली नाही. सवडच नव्हती.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी फाटक वाजलं. फरशीवर बाईंची पावलं वाजली. आणि चिमणी खिंकाळली, भिंत दणाणेल अशी. मी तेव्हा नळापाशी टांगलेला होतो. कुणाच्याही हातात नव्हतो. बाई जिथे होत्या तिथेच थांबल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मावशींनी खिडकीतून पाहिलं. आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. निळ्याचा मत्सर काहीच नाही, असं हे दुखणं होतं.

बाकीचे मालक मग मावशींना म्हणाले, राहू द्या तिला, सुधारली आहे. बाईही एकदा म्हणाल्या. मावशींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “तू शिकलीस, मीही शिकले. म्हणूनच नाही म्हणतेय,” त्या म्हणाल्या.

जायच्या दिवशी घोडी न्यायची मोठी गाडी फाटकाशी येऊन थांबली. मागची फळी खाली टाकली. चिमणी गाडीत चढत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. येताना चार माणसं लागली होती.

“मावशी, हा डबा मला द्याल?” बाई म्हणाल्या. “भाऊंनी वाजवला तर ती चढेल. पुढेही लागेल.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. काकांची आठवण झाली असावी. म्हणाल्या, “डबा न वाजवता चढली नाही तर घेऊन जा. तशीच चढली तर डबा इथेच राहील.”

बघा माझी पंचाईत. गेलो तर माझा खिळा कायमचा निळ्याचा. राहिलो तर चिमणी कायमची बाईंची. तरी मी मनापासून मागितलं, चिमणे, चढू नकोस. एकदा मला बोलाव, मग खिळा गेला तरी चालेल.

भाऊ मला घेऊन फळीपाशी उभे राहिले. माझ्यात अर्धी चंदी होती. बाई दोर धरून पुढे निघाल्या. चिमणीने फळीवर एक पाय ठेवला आणि थांबली. नाक फुरफुरवलं, मान माझ्याकडे वळवली. भाऊ माझ्या कानाची गाठ सोडायला लागले.

“थांबा भाऊ,” बाई हळूच म्हणाल्या. “सोडू नका.”

त्या दोर सैल सोडून वर गेल्या आणि रिकामा हात पुढे करून उभ्या राहिल्या. हाकही मारली नाही. चिमणी तो हात बघत राहिली. मग दुसरा पाय, मग तिसरा, आणि ती जड घोडी फळी वाजवत वर गेली. भाऊंनी मला खाली केलं. गाडी वळणावरून गेली तेव्हा आतून काही आवाज आला नाही.

मी माझ्या खिळ्यावर परत आलो. निळं माप आता नळापाशी असतं, त्यात खुरांचा ब्रश असतो. फळ्यावर मावशींनी वरच लिहिलंय, ‘माप म्हणजे पत्र्याचा डबा. काठोकाठ. वरून हात फिरवून.’ मला हवं होतं ते सगळं मिळालं. त्याच संध्याकाळी भाऊंनी मला उचललं. रुमाल तसाच होता, मी जराही खुळखुळलो नाही. आणि तरीही आठच्या आठ माना बाहेर आल्या. आठही घोडी खिंकाळली. भाऊ म्हणाले, “आलो रे बाबांनो, आलो.” मी त्यांच्या हातात मुका लोंबत होतो. इतकी वर्षं ती घोडी नेमकं कुणाला हाका मारत होती, ते मला त्या संध्याकाळपासून समजत नाही.

मित्रांनो, एवढं करा. नवी वस्तू घरात आणलीत तर जरूर आणा, पण जुनीला ब्रश ठेवायला देण्याआधी एकदा दोन्ही शेजारी ठेवा आणि एकातून दुसरीत ओतून पाहा. आम्हाला बोलता येत नाही, आणि बोलता आलं तरी आमच्यातले काही माझ्यासारखे असतात, मुद्दाम गप्प बसतील.

आणि माझं एक काम आहे. नवव्या ठाणात आता नवी घोडी आलीय, लाजरी, अजून कुणाला न ओळखणारी. भाऊंचे डोळे अजून अधू आहेत, आणि बाईंची गाठ फार घट्ट आहे, त्यांना ती सुटत नाही. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच तर तेवढा रुमाल सोडा. मला हळूच एकदा हलवा. ती मान वर करते का, एवढंच मला बघायचंय.